आपण नावेत घेतलेली माणसं

शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात नील्स बोर भेटतो, तेव्हा वर्गात हमखास हशा पिकतो. ज्याचं नावच बोर, त्याचा धडा कसा असणार! मग सर खडूनं फळ्यावर मधोमध एक ठिपका काढतात, त्याभोवती दोन-तीन गोल. मध्ये केंद्रक, भोवती ठरावीक कक्षांत फिरणारे इलेक्ट्रॉन, साल १९१३. आकृतीला दोन मार्क. संपला बोर.

माझ्यासाठीही तो तिथंच संपला होता. बऱ्याच वर्षांनी, एका रात्री झोप येत नव्हती म्हणून फोनवर काहीतरी वाचत पडलो होतो आणि हा माणूस पुन्हा समोर आला. या वेळी फळ्यावर नव्हता, एका शिडाच्या बोटीत होता. त्या बोटीत त्याच्यासोबत जे घडलं ते वाचल्यावर मी फोन पालथा ठेवला. झोप तर गेलीच. त्या रात्रीपासून मनात जो प्रश्न आहे, तो आज लिहून काढतोय. उत्तर सापडलंय असं नाही. प्रश्न कसा हातात धरावा एवढं थोडंफार कळलंय.

प्रश्न असा: आपल्या आवडीच्या गोष्टीत आपण आपल्या माणसाला सोबत घेतो, आणि त्या गोष्टीतच त्याचं काही बरंवाईट होतं. मग दोष कुणाचा?

आधी बोरचं घर बघू. १९१२ साली त्यानं मार्ग्रेठ नॉर्लुंडशी लग्न केलं. त्यांना सहा मुलगे झाले. १९२१ साली कोपनहेगनमध्ये त्याची भौतिकशास्त्राची संस्था सुरू झाली आणि कुटुंब सुरुवातीची बरीच वर्षं संस्थेच्या आवारातच राहिलं. जगभरातून आलेली विशी-पंचविशीतली हुशार पोरं तिथं वर्षभर, दोन वर्षं राहायची, बोरशी तासन् तास वाद घालायची आणि त्याच्या मुलांशी खेळायची. १९२२ साली त्याला नोबेल मिळालं. १९२४ साली समुद्रापासून जवळ, तिस्विल्डे या गावी, त्यांनी सुट्टीसाठी एक घर घेतलं. तिथंही पाहुणे, फळा, मुलं आणि समीकरणं एकत्रच नांदत.

बोरला एकट्यानं विचार करता येत नसे. त्याला समोर कुणीतरी लागायचं. तो फेऱ्या मारत बोलायचा आणि दुसऱ्यानं लिहून घ्यायचं. तरुणपणी त्याच्या आईनं हे काम केलं, मग मार्ग्रेठनं, मग सहकाऱ्यांनी. म्हणजे त्याचं विज्ञान आणि त्याची माणसं यांच्यात भिंत अशी नव्हतीच. माणसं नसती तर त्याचं विज्ञानही कागदावर उतरलं नसतं.

आणि तिसरी गोष्ट, शिडाची बोट. 'चीता' नावाची ही बोट त्यानं काही मित्रांसोबत भागीदारीत घेतली होती. ही नुसती हवा खायची जागा नव्हती. वेर्नर हायजेनबर्गनं आपल्या आठवणींमध्ये बोर आणि त्याच्या मित्रांसोबतच्या एका सफरीबद्दल लिहिलंय. पाणी, काळोख, आणि गप्पा कशाबद्दल, तर सजीवांचे नियम भौतिकशास्त्राच्या नियमांतून निघतात का याबद्दल. बोटीत घरही होतं आणि प्रयोगशाळाही.

आज कुणी या माणसावर रील बनवलं तर वर लिहील, 'परफेक्ट वर्क-लाइफ बॅलन्स'. विज्ञान, कुटुंब, छंद, तिन्ही पारडी समान. आपल्या पिढीला हा शब्द फार आवडतो. मलाही आवडायचा. बोरनं मला त्याबद्दल शंका घ्यायला लावली, कारण त्याच्या आयुष्यात तीन पारडी नव्हतीच. एकच नाव होती आणि त्याला जे जे प्रिय होतं ते सगळं तिच्यात बसलेलं होतं.

२ जुलै १९३४. डेन्मार्क आणि स्वीडनच्या मधल्या कॅटेगॅट समुद्रात 'चीता' निघाली होती. बोटीवर बोर, काही मित्र आणि बोरचा थोरला मुलगा ख्रिस्तियन. वय १७. शालेय शिक्षण नुकतंच संपलं होतं. पुढं भौतिकशास्त्राकडे वळायचं मनात होतं आणि कविताही लिहायचा. समुद्र खवळला. एका मोठ्या लाटेनं ख्रिस्तियन बोटीबाहेर फेकला गेला. त्याला पोहता येत होतं. बोटीवरून त्याच्याकडे जीवरक्षक कडंही टाकलं. पण लाटा मोठ्या होत्या, त्याला ते गाठता आलं नाही. बोर उडी टाकायला निघाला होता. मित्रांनी त्याला धरून ठेवलं, कारण त्या पाण्यात उडी टाकली असती तर एकाच्या जागी दोघं गेले असते. सगळे शोधत राहिले. मुलगा सापडला नाही.

मग बोर किनाऱ्याला आला आणि घरी जाऊन त्यानं मार्ग्रेठला सांगितलं.

शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. लाटेपेक्षा मला या वाक्याची जास्त भीती वाटते. समुद्रावरून घरापर्यंतचा तो रस्ता. दार. दारामागची आई. पहिला शब्द कोणता निघाला असेल?

ही भीती का वाटते ते सांगायला हवं. चार वर्षांपूर्वी पावसाळ्यात मी माझ्या मावसभावाला हरिश्चंद्रगडावर घेऊन गेलो. तो १९ वर्षांचा. त्याचा पहिला ट्रेक. मी मुद्दाम पाचनईची वाट निवडली, कारण ती सोपी. मावशीला म्हटलं होतं, "काळजी करू नकोस, मी आहे ना." उतरताना ओल्या कातळावर तो घसरला. फार उंचावरून नाही, पण गुडघा असा काही दुमडला की दोन ऑपरेशन्स झाली. आज तो चालतो, नोकरी करतो, हसतो-खिदळतो. पण जिना उतरताना कठड्याला धरतो आणि पायरीगणिक एक पाय जरा मागून येतो. त्याचं अर्धं वर्ष वाया गेलं. मावशी मला एका शब्दानंही बोलली नाही. त्या रात्री तिला फोन मी केला होता.

बोरच्या दुःखाशी याची तुलना करायची माझी हिंमत नाही. त्याचा मुलगा गेला. माझा भाऊ दर रविवारी क्रिकेटच्या स्कोअरवरून माझ्याशी भांडतो. पण "मी आहे ना" म्हणून घेऊन जाणं, आणि मग नेमक्या क्षणी आपण असून काहीच उपयोग न होणं, याचा लहानसा चटका मला बसलेला आहे.

अशा वेळी जग दोन उत्तरं देतं. पहिलं, "अपघात होता रे. तुझा काय दोष?" लाट काही बोरनं उठवली नव्हती आणि कातळ मी ओला केला नव्हता. हे खरं आहे. तरी हे ऐकलं की आत काहीतरी कडवट होतं. कारण या उत्तरात मी कुठंच नाही. जणू मी तिथून चाललेला कुणी वाटसरू होतो. मी आग्रह केला नसता तर तो त्या दिवशी घरात झोपलेला असता, हेही तितकंच खरं, आणि ते हे उत्तर पुसून टाकतं.

दुसरं उत्तर जग सहसा तोंडावर देत नाही. ते आपणच आपल्याला देतो. "तू नेलंस. तुझ्यामुळे झालं." हे प्रामाणिक वाटतं. त्यात एक विचित्र समाधानही असतं, सगळा भार आपण उचलल्याचं. दोनेक वर्षं मी या उत्तरात राहिलो. ट्रेक बंद केले. भावाला कुठं चाललोय विचारलं की उगाच सूचना द्यायचो. शेवटी एकदा तो वैतागून म्हणाला, "दादा, तू मला नेलं नव्हतंस. मी आलो होतो."

नेलं आणि आलो, या दोन क्रियापदांतला फरक तेव्हा माझ्या डोक्यात शिरला नाही. तो शिरायला बोर लागला.

१९२७ साली इटलीतल्या कोमो इथल्या परिषदेत बोरनं आपलं पूरकतेचं तत्त्व पहिल्यांदा जाहीरपणे मांडलं. अडचण अशी होती की इलेक्ट्रॉन काही प्रयोगांत लाटेसारखा वागतो, तर काही प्रयोगांत कणासारखा. मग तो नक्की आहे काय? सोपं उत्तर असतं, 'थोडा लाट, थोडा कण'. बोरनं ते नाकारलं. त्याचं म्हणणं साधारण असं की, ज्या मांडणीत तो लाटेसारखा दिसतो त्या मांडणीत ते वर्णन लागू आहे, आणि ज्या मांडणीत कणासारखा दिसतो तिथं दुसरं. या दोन मांडण्या एका वेळी करता येत नाहीत. एक केली की दुसरी मोडते. पण इलेक्ट्रॉनबद्दलचं सगळं सांगायचं तर दोन्ही वर्णनं लागतात. त्यांची सरासरी काढली तर हाती काहीच लागत नाही.

हे तत्त्व बोरला सुचलं कसं? नेहमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की, १९२७च्या हिवाळ्यात तो नॉर्वेत स्कीइंगला गेला होता आणि तिथं बर्फात त्याच्या मनात ही कल्पना पक्की झाली. पण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी बोरशी झालेल्या बोलण्याची एक वेगळी आठवण लिहून ठेवलीय. बोरच्या एका मुलानं दुकानातून काहीतरी लहानसं चोरलं आणि नंतर बापाजवळ कबूल केलं. तेव्हा बोरला जाणवलं की आपण या मुलाकडे प्रेमाच्या नजरेनं बघू शकतो आणि न्यायाच्या नजरेनंही बघू शकतो, पण दोन्ही नजरांनी एकाच क्षणी बघता येत नाही. पूरकतेच्या विचाराची एक वाट इथूनही गेली.

तत्त्व आधी घरात जन्मलं की बर्फात, हे ठरवायची मला गरज वाटत नाही. बापाच्या अडचणीत आणि शास्त्रज्ञाच्या अडचणीत त्याला सारखेपणा दिसला, एवढं मला पुरतं.

इथं एक आक्षेप मीच घेतो. भौतिकशास्त्रातली कल्पना उचलून जगण्याला चिकटवणं हा आपल्याकडचा जुना रोग आहे. 'क्वांटम' शब्द लावून तेलापासून ध्यानापर्यंत काहीही विकलं जातं. इलेक्ट्रॉनला अपराधी वाटत नाही. शिवाय 'दोन्ही बाजू खऱ्या' हे वाक्य तर जबाबदारी झटकणाऱ्यांचं लाडकं. रस्त्यातल्या खड्ड्यात माणूस मेला की खड्डा ठेवणाऱ्यालाही असंच तत्त्वज्ञान सुचतं. मग बोरच्या तत्त्वानं माझा गुन्हा धुऊन काढायचा तर माझ्यात आणि त्याच्यात फरक काय?

फरक आहे, असं मला वाटतं. पूरकता म्हणजे 'पन्नास टक्के माझी चूक, पन्नास टक्के नशिबाची' असा हिशेब नाही. तो हिशेब म्हणजे सरासरीच. पूरकता उलट जास्त कठोर आहे. ती म्हणते, ज्या वेळी तू 'मी नेलं' हे वाक्य बोलशील त्या वेळी ते पूर्ण बोल. त्याच्या शेवटी 'पण' लावू नकोस. आणि ज्या वेळी 'तो आला' हे म्हणशील त्या वेळी तेही पूर्ण म्हण. त्यात तुझं दुःख घुसवू नकोस. खड्डा ठेवणारा पहिलं वाक्य कधीच बोलत नाही, तो थेट दुसऱ्यावर उडी मारतो. त्याच्यासाठी पूरकता नाही, चौकशी आहे. आणि चौकशी बोटीचीही व्हायला हवी, ट्रेकचीही: हवामान पाहिलं होतं का, बूट बरे होते का, परत फिरायची वेळ कोणती होती. या प्रश्नांची उत्तरं दिल्याशिवाय तत्त्वज्ञानाकडे वळू नये. माझ्या बाबतीत एक उत्तर बरं नाही. त्याच्या बुटांचे तळ गुळगुळीत झालेले मी पायथ्याशी पाहिले होते आणि 'चालतंय' म्हणालो होतो.

हे लिहायला मला चार वर्षं लागली.

आता दुसरं वाक्य. ख्रिस्तियन १७ वर्षांचा होता. त्याला पोहता येत होतं, कविता करता येत होत्या, पुढं काय शिकायचं ते त्याच्या मनात होतं. बोटीवर तो बापाचं सामान म्हणून नव्हता. 'मीच त्याला मारलं' असं एखादा बाप म्हणतो, तेव्हा नकळत तो मुलाकडून त्याचं येणंच काढून घेतो. त्याचा उत्साह, त्याचा हट्ट, शिडात वारा भरल्यावर त्याला झालेला आनंद, सगळं बापाच्या अपराधाच्या खात्यात जमा होतं. मुलगा आयुष्यातून गेलाच होता. आता त्याच्या स्वतःच्या मरणाच्या गोष्टीतूनही तो जातो. उरतो फक्त बाप.

माझा भाऊ वैतागला होता तो याच कारणानं. त्याच्या गुडघ्याची गोष्टसुद्धा मी माझीच करून टाकली होती.

बोरनं पुढं काय केलं? ख्रिस्तियनच्या स्मृतिसभेत तो स्वतः बोलला आणि ते भाषण नंतर छापलं गेलं. त्या वर्षांत हिटलरच्या जर्मनीतून पळालेल्या शास्त्रज्ञांना तो आपल्या संस्थेत जागा देत होता, ते काम चालू राहिलं. १९३५च्या मे महिन्यात आइन्स्टाइननं दोन सहकाऱ्यांसोबत पुंज सिद्धांतावरचा आपला प्रसिद्ध हल्ला छापला. मुलाला जाऊन वर्षही झालं नव्हतं. बोरनं हातातलं काम बाजूला ठेवलं आणि त्याच वर्षी त्याचं उत्तर दिलं. कुणी याला निष्ठा म्हणेल, कुणी पळवाट. बाहेरून बघून यातलं एक निवडायचा अधिकार आपल्याला नाही, असं मला वाटतं.

या घरातलं अजून एक दुःख आहे आणि ते वगळून बोरला आदर्श बाप म्हणणं खोटं होईल. सर्वांत धाकटा हॅराल्ड. त्याला गंभीर बौद्धिक अपंगत्व होतं. चार वर्षांचा असताना त्याला घरापासून दूर एका संस्थेत ठेवण्यात आलं आणि सहा वर्षांनी मेंदूज्वरानं तो गेला. त्या काळात अशा मुलांना संस्थेत ठेवणं ही सर्रास रीत होती, डॉक्टरही तेच सुचवत. तरीही ख्रिस्तियनवर पानंच्या पानं लिहिली जातात आणि हॅराल्डला बहुतेक ठिकाणी एखादी ओळ मिळते. एका मुलाला बापानं नावेत घेतलं आणि तो गेला. दुसऱ्याला नावेत घेतलंच नाही आणि तोही गेला. घेण्यात धोका आहे, हे आपल्याला पटकन दिसतं. न घेण्याचीही काही किंमत असते आणि ती बहुतेक वेळा न घेतलेल्यानं मोजलेली असते.

म्हणून 'धोका नकोच' हे उत्तर मला आता पटत नाही. ट्रेक बंद करून मी कुणाला वाचवलं? फक्त स्वतःला, पुन्हा तो फोन करावा लागण्यापासून.

आणि समुद्र? त्या समुद्रानं बोरच्या घराशी आणखी एकदा गाठ घातली. १९४३ साली जर्मनांच्या ताब्यातल्या डेन्मार्कमध्ये ज्यूंची धरपकड होणार अशी खबर आली. बोरची आई ज्यू घराण्यातली, त्यामुळे त्यालाही धोका होता. सप्टेंबरच्या अखेरीस एका रात्री बोर आणि मार्ग्रेठ लहान बोटीतून चोरून स्वीडनला पोचले. मुलं त्यांच्यामागून आली. पुढच्या काही आठवड्यांत ७,०००हून अधिक ज्यू असेच कोळ्यांच्या आणि इतरांच्या बोटींतून ती सामुद्रधुनी ओलांडून वाचले. मार्ग्रेठ त्या रात्री बोटीत पाय ठेवताना काय विचार करत असेल, हे मी कल्पनेनं लिहिणार नाही. ती बसली, एवढं माहीत आहे.

त्यानंतर बोर ब्रिटन आणि अमेरिकेत गेला तेव्हा सोबत मदतनीस म्हणून त्याचा मुलगा ओगे होता. बाप पुन्हा एकदा मुलाला घेऊन निघाला होता आणि या वेळची सफर अणुबॉम्बच्या प्रकल्पापर्यंत गेली. ओगे पुढं स्वतः मोठा भौतिकशास्त्रज्ञ झाला आणि १९७५ साली त्याला नोबेल मिळालं. यावरून 'शेवटी सगळं ठीक झालं' असं म्हणायचा मोह होतो. पण ओगेचं नोबेल ख्रिस्तियनच्या खात्यावर जमा होत नाही. तीही एक सरासरीच झाली.

१९४७ साली डेन्मार्कनं बोरला आपला सर्वोच्च सन्मान दिला. त्या वेळी मानचिन्ह निवडायचं होतं. त्यानं यिन-यांगचं वर्तुळ घेतलं आणि लॅटिनमध्ये बोधवाक्य लिहिलं: विरुद्ध गोष्टी एकमेकींना पूरक असतात. टी-शर्टावर छापायला हे वाक्य बरं आहे. पण ज्या माणसानं ते निवडलं, त्यानं त्याआधी १३ वर्षांपूर्वी समुद्रावरून घरी जाऊन एक दार उघडलं होतं, हे कळल्यावर ते टी-शर्टावर मावत नाही.

यंदा जूनमध्ये भावानं फॅमिली ग्रुपवर नाही, मला एकट्याला एक फोटो पाठवला. ढगात बुडालेला गड. खाली फक्त, "जायचं?" मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी मावशीकडे गेलो. ती स्वयंपाकघरात चहा टाकत होती. मी ओट्याशेजारी उभा राहून म्हणालो, "मावशी, त्याला गडावर मी नेलं होतं. बूट खराब होते ते मी बघितलं होतं."

तिनं गॅस बारीक केला. म्हणाली, "माहितीये. त्यानंच सांगितलं होतं तेव्हा."

चहा उकळेपर्यंत ती काही बोलली नाही. मीही नाही. मग गाळणं हातात घेत म्हणाली, "आणि तो कुणाचं ऐकून कुठं गेलाय का कधी?"

दोन्ही वाक्यं पूर्ण होती. एका श्वासात आली नाहीत. मधे चहा उकळला.

भावाला मी त्या रात्री उत्तर पाठवलं. आधी बूट घेऊ, मग बघू.